दोगाना : एक थरथरता, एक खणखणीत

उर्दूत द्वंद्वगीताला ‘दोगाना’ म्हणतात. आपल्या घरांत हा शब्द आणखी एका अर्थाने येतो, ईदच्या दोन रकात नमाजेलाही दोगानाच म्हणतात. मराठीत ‘युगुलगीत’ म्हटले की जोडी आठवते आणि ‘द्वंद्वगीत’ म्हटले की झुंज. दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे अशा शब्दांत माझा पाय अडकतो. पण आज लिहायचे आहे ते एका खास जोडीबद्दल. 1950 साली ‘बाबुल’ चित्रपटासाठी नौशाद यांनी तलत महमूद आणि शमशाद बेगम यांना एकत्र गायला लावले, त्या जोडीबद्दल.

पेटीवर बसणाऱ्या कोणालाही ठाऊक असते की बाईची आणि पुरुषाची पट्टी एक नसते. पुरुष साधारण काळी एक-दोनमध्ये सुखाने गातो, बाई काळी चार-पाचमध्ये. चित्रपटातले गाणे मात्र दोघांसाठी एकाच षड्जावर बांधायचे असते. म्हणजे कोणाला तरी आपली जागा सोडावी लागते. पुरुषाने वर चढायचे, नाहीतर बाईने खाली उतरायचे. शिवाय पट्टी जुळली तरी आवाजाचा पोत जुळत नाहीच. हे अंतर लपवायचे की दाखवायचे, ते संगीतकार ठरवतो. नौशाद यांनी ते दाखवले.

त्याच्या दोन वर्षे आधी, 1948 च्या ‘मेला’त त्यांनी मुकेश आणि शमशाद यांचे दोगाने केले होते. तिथे मुकेश यांचा सरळ, किंचित अनुनासिक, दुःखी आवाज होता. ‘बाबुल’मध्ये त्या जागी तलत आले. लखनौच्या रेडिओवर गझला गाऊन पुढे आलेला हा तरुण. त्यांच्या आवाजात एक बारीक कंप होता. त्यावर टीका झाली, तेव्हा अनिल विश्वास यांनी हाच कंप जपायला सांगितले ही गोष्ट प्रसिद्ध आहे. मायक्रोफोन नसता तर हा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही पोहोचला नसता. याउलट शमशाद यांचा आवाज उघडा, खणखणीत आणि न कचरणारा. त्याला माइक लागलाच नसता, असे ऐकताना वाटते.

आपण सहसा काय गृहीत धरतो? पुरुषाचा आवाज भारदस्त आणि बाईचा नाजूक. इथे नेमके उलटे आहे. पुरुष संकोचाने विचारतो आहे आणि बाई ठामपणे उत्तर देते आहे. मला या गाण्यांची गोडी तिथेच वाटते.

आता या दोन आवाजांच्या घरी जाऊ. दोघेही मुस्लिम, आणि दोघांच्याही घरी गाणे ही काही अभिमानाची बाब नव्हती. तलत यांना घर की गाणे असा पेच पडला, त्यांनी गाणे निवडले. घरच्यांचा राग निवळायला वर्षे लागली, पण निवळला. शमशाद यांचा जन्म 1919 चा, पंजाबातला. बारा-तेरा वर्षांच्या असताना गाण्याची हौस असलेल्या चाचांनी त्यांना लाहोरच्या रेकॉर्ड कंपनीत नेले. संगीतकार गुलाम हैदर यांनी आवाज ऐकला आणि एका गाण्याला 15 रुपये असा करार झाला. वडिलांनी परवानगी दिली, पण अट घालून: बुरखा घालून जायचे आणि फोटो काढायचा नाही. पुढे निर्माते पंचोली यांनी पडद्यावर काम करण्यासाठी चाचणी घेतली. त्या पास झाल्या. वडील संतापले, गाणेही बंद करीन म्हणाले. मग कॅमेऱ्यासमोर कधीही उभी राहणार नाही असा शब्द त्यांनी दिला आणि पाळला. 1941 च्या ‘खजांची’पासून त्यांचा आवाज देशभर गाजत होता, पण चेहरा लोकांना 1970 च्या दशकापर्यंत माहीत नव्हता.

तलत मात्र देखणे म्हणून नायक झाले. 1953 च्या ‘दिल-ए-नादान’मध्ये आणि 1958 च्या ‘सोने की चिडिया’मध्ये ते पडद्यावर दिसतात. म्हणजे त्या दोगान्यात थरथरणाऱ्या आवाजाला चेहरा होता आणि निर्भय आवाजाला चेहरा दाखवायची मुभा नव्हती.

बाईच्या आवाजाचाही पडदा असतो का, यावर आपल्या उलेमांमध्ये जुना मतभेद आहे. त्यात पडण्याइतके माझे शिक्षण नाही. शाळेत मात्र हा प्रश्न दरवर्षी माझ्यासमोर येतो. नात-स्पर्धेसाठी मुली निवडल्या की एखादी अम्मी येऊन हळूच सांगते, “मॅडम, पढेगी वो, मगर व्हिडिओ नक्को.” मी मान डोलावते. त्या मुलीला निदान पढायला मिळते, हे मला कमी वाटत नाही. पण शेजारच्या वर्गातल्या मुलाची तीच नात संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यातल्या प्रत्येक मोबाइलवर असते, आणि लोक त्यालाच नावाने ओळखू लागतात. ही अट आणि 1930 च्या दशकातली लाहोरची अट यांत फार फरक मला सापडलेला नाही.

असो. शमशाद यांच्या आवाजाची पीछेहाट मात्र बुरख्यामुळे झाली नाही. 1949 मध्ये ‘महल’, ‘बरसात’ आणि ‘अंदाज’ आले आणि लता मंगेशकर यांच्या तलम, उंच आवाजाने नायिकेची जागा घेतली. त्यानंतर दोगान्यात पुरुष आणि बाई दोघेही मृदू गाऊ लागले. लता-तलत यांची गाणी मलाही प्रिय आहेत, पण त्यांत एक रेशीम दुसऱ्या रेशमावरून घसरते. घर्षण नाही. त्याच वर्षीच्या ‘पतंगा’त पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांनी स्वतःच शमशाद यांच्यासोबत रंगून ते डेहराडून असा टेलिफोनवरचा संवाद गायला होता. तशी खटकेबाज चढाओढ पुढे विनोदी जोडीकडे किंवा नाचणारीकडे गेली. गंभीर प्रेमाला ती चालेनाशी झाली, हे मला नुकसान वाटते.

ओ. पी. नय्यर यांनी तेवढा हा आवाज धरून ठेवला. 1956 च्या ‘सी.आय.डी.’त त्यांनी तो रफी यांच्यासमोर उभा केला. नंतर 1968 च्या ‘किस्मत’मध्ये एक गंमत केली. त्यातल्या एका गाण्यात नायक विश्वजित बाईचा वेश घेऊन नाचतो आणि नायिका बबिता त्याच्यासोबत असते. बबितासाठी आशा भोसले गातात. नायकासाठी नय्यर यांनी ना रफी घेतले, ना महेंद्र कपूर. तो आवाज शमशाद बेगम यांचा आहे. दोन बायकांचे गाणे, पण पडद्यावर ते नायक-नायिकेचे, आणि त्यातली पुरुषाची बाजू शमशाद यांची!

पुढे रीमिक्सच्या लाटेत त्यांच्या जुन्या गाण्यांवर नव्या तरुणी टीव्हीवर नाचू लागल्या. शमशाद बेगम तेव्हा मुंबईतच, मुलीकडे राहत होत्या. 2009 मध्ये पद्मभूषण मिळाले, तेव्हा त्या नव्वदीच्या घरात होत्या. त्यांचा फोटो अनेक घरांत वर्तमानपत्रातून पहिल्यांदाच आला.