खाटीक आणि नदी

वुर्टेम्बर्गमधील ब्राकेनहाइम गांवीं १८२७ सालीं जन्मलेला हाइनरिख क्रायझर न्यूयॉर्कला येऊन खाटकाच्या दुकानीं राबला आणि १८५० सालीं कॅलिफोर्नियास निघाला. हातीं आलेलें आगबोटीचें तिकीट हेन्री मिलर नामक दुसऱ्याच गृहस्थाचें होतें. तें दुसऱ्याच्या नांवें करतां येत नव्हतें, म्हणून त्यानें नांवच बदललें! १८५८ सालीं विधिमंडळानें तें मान्य केलें.

सोनें शोधणाऱ्यांनाही मांस लागतेंच, हें त्यानें जाणलें. मांसासाठीं गुरें, गुरांसाठीं कुरणें आणि कुरणांसाठीं पाणी, अशी त्याची नजर दूरवर पोंचत गेली. आल्सेसहून आलेल्या चार्लस लक्स या खाटकाशीं त्यानें भागी केली. सान होआकिन खोऱ्यांतील दलदलीच्या जमिनी घेत घेत या पेढीची मालकी दहा लाख एकरांपलीकडे गेली.

कर्न नदीचें पाणी वरच्या अंगास हॅगिन वळवूं लागतांच पेढीनें दावा मांडला. १८८६ सालीं न्यायालयानें ४ विरुद्ध ३ मतांनीं कांठच्या जमीनमालकाचा हक्क उचलून धरला. तरीही १८८८ सालीं तडजोड झाली, आणि मार्च ते ऑगस्टमधील एकतृतीयांश पाण्यावर मिलरनें समाधान मानलें. कालव्यांवांचून दूरचीं शेतें पिकत नाहींत, हें जेत्यालाही मानावें लागलें. १९१६ सालीं तो वारला. कॅलिफोर्नियाचा पाण्याचा कायदा मात्र त्या निकालाची खूण आजही वागवितो.