विद्यापीठ-इमारतींतील ऊर्जावापर (इंदूर)

वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालये, वसतिगृहे व कार्यालये यांत खर्च होणारी वीज आणि इंधन. तो दर चौरस मीटरमागे वर्षाला लागणाऱ्या युनिटांत मोजतात. इंदुरात देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा (स्थापना १९६४) तक्षशिला परिसर खंडवा रस्त्यावर, तर भारतीय तंत्रज्ञान संस्था (२००९) सिमरोलला आहे. विश्वविद्यालयात ऊर्जा व पर्यावरण हा अध्ययनाचा स्वतंत्र विषय आहे.

येथील कोरड्या उन्हाळ्यात कूलर चांगले काम देतात. पावसाळ्याच्या दमट हवेत ते निरुपयोगी ठरतात. माळव्याच्या रात्री दिवसाच्या मानाने थंड असल्याने रात्रीच्या वाऱ्याने भिंती निववणे हा स्वस्त उपाय आहे, आणि तो फारच कमी वापरला जातो. वर्ग सुट्टीत रिकामे राहतात. मात्र प्रयोगशाळांतील शीतकपाटे, वायुवीजन व सर्व्हर रात्रंदिवस चालतात. म्हणूनच सबंध आवाराला एकच मीटर असणे ही मोठी उणीव होय: गळती नेमकी कोणत्या इमारतीत, हे त्यातून कळत नाही. छतावरील सौरविजेचा मेळ वर्ग-कार्यालयांच्या दिवसाच्या मागणीशी बसतो, वसतिगृहांच्या संध्याकाळच्या मागणीशी नाही. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली व २०१७ मध्ये सुधारली गेली. ती १०० किलोवॉट वा अधिक जोडभाराच्या नव्या व्यापारी इमारतींसाठी असून शैक्षणिक इमारतीही त्यांत मोडतात.