बायांची दुखणी छापून कशी आली

माण-खटाव घ्या नाहीतर जत-आटपाडी, सर्वेक्षणाला कुणी आलंच नाही असं घर सापडायचं नाही. आशाताई येते, कॉलेजची पोरं येतात, मोठ्या हॉस्पिटलची गाडी येते. वय काय, मुलं किती, पाळी कशी, रक्त किती, सगळं लिहून नेतात. त्यातल्या काही कागदांचा पुढे वैद्यकीय शोधनिबंध होतो. या शोधनिबंधात बाई कधी आणि कशी आली, तो इतिहास आज आम्ही सांगणार आहोत.

आधी शोधनिबंध म्हणजे काय ते बघू. डॉक्टरला एक प्रश्न पडतो. त्यासाठी किती जणांना तपासलं, कसं तपासलं, काय आढळलं, त्यावरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही, हे तो ओळीनं लिहितो. लेख नियतकालिकाकडे गेला की संपादक तो त्याच विषयातल्या दुसऱ्या जाणकारांना वाचायला देतात. ते चुका काढतात, शंका विचारतात, कधी लेख परतही जातो. या चाळणीतून उतरला तर छापला जातो. लंडनचं ‘लॅन्सेट’ हे असं नियतकालिक १८२३ पासून निघतंय.

मराठी बाईनं वैद्यकावर लिहिण्याची गोष्ट आनंदीबाई जोशींपासून सुरू होते. १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला, तो हिंदू लोकांतल्या प्रसूतिशास्त्रावर. जुने ग्रंथ आणि तिकडची पाठ्यपुस्तकं, दोन्हींचा आधार त्यांनी घेतला. पुढच्याच वर्षी, एकवीस वर्षांच्या असताना, त्या वारल्या. गावोगावच्या बाया तपासून त्यांचं दुखणं लिहायला त्यांना आयुष्यच मिळालं नाही.

आपल्याकडे मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभं केलं. लांबलांबून माणसं तिथं यायची. मिरज आजही दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. पण कुठल्याही दवाखान्याच्या वहीत नाव लागतं ते पायरी चढून आलेल्या रोग्याचं. अंगावरून पांढरं जातंय, धुपणी लागलीय, अंग बाहेर येतंय, हे सासूलाही न सांगणारी बाई पायरी चढणार कधी? ती वहीत नाही, म्हणून लेखात नाही. आणि लेखात नाही, म्हणून तो आजार आहे असं सरकारच्याही लेखी नाही.

ही गाठ सोडवली ती आपल्यापासून लांब, गडचिरोलीत. डॉ. राणी बंग या स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी आणि डॉ. अभय बंग यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. खेड्यातल्या सगळ्या बायांत, नुसत्या दवाखान्यात आलेल्यांत नव्हे, स्त्रीरोग किती आहेत, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी दोन खेडी निवडली. गावाला विश्वासात घेऊन लग्न झालेल्या आणि न झालेल्या मिळून ६५० जणींची तपासणी केली.

तो लेख १४ जानेवारी १९८९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आला. लेखकांत पहिलं नाव राणीताईंचं होतं. शंभरातल्या ९२ बायांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. एकेकीला सरासरी ३.६ आजार होते. आणि यापूर्वी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त ८.

हे ९२ आणि ८ आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. त्या काळी सरकारी दवाखाना बाईला विचारायचा तो ऑपरेशन कधी करतेस आणि तांबी बसवतेस का, एवढंच. बाळंतपण आणि नसबंदी यांच्यापलीकडे तिचं शरीर कुणी धरलंच नव्हतं. हा लेख आल्यावर ‘बायकांचं असं असतंच’ म्हणून बोळवण करणं अवघड झालं. १९९४ साली कैरोच्या जागतिक परिषदेत नुसत्या कुटुंब नियोजनाऐवजी बाईच्या प्रजनन आरोग्याचा विचार देशांनी मान्य केला. त्या काळातल्या चर्चेत गडचिरोलीच्या या लेखाचे दाखले दिले जायचे.

आता जवळच्या मुलखात येऊ. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. त्या हॉस्पिटलनं मुंबईचं टाटा हॉस्पिटल आणि फ्रान्समधली जागतिक कर्करोग संशोधन संस्था यांच्यासोबत १९९९ साली उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया, गावांप्रमाणे चार गट. एका गटाला एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पॅप चाचणी, तिसऱ्याला ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटाला माहिती दिली, पण चाचणी नाही, फक्त नेहमीची सोय.

२००९ साली अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये निबंध आला. एचपीव्ही गटात सुमारे ३४ हजार बायांत या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले. चौथ्या गटात सुमारे साडेएकतीस हजार बायांत ६४. एकदाच केलेल्या चाचणीनं मरण जवळजवळ निम्म्यावर येतं, हे खेड्यातल्या बायांनी जगाला दाखवून दिलं.

पण चौथ्या गटावरून पुढे वाद झाला. काहींचं म्हणणं, त्या भागात तेव्हा अशी चाचणी कुणालाच मिळत नव्हती, आणि तुलनेशिवाय उपयोग सिद्ध होत नाही. दुसऱ्यांचं म्हणणं, पॅप चाचणीनं मरण कमी होतं हे इतर देशांत आधीच दिसलं होतं, मग इतक्या बायांना चाचणीविना का ठेवलं? ज्ञान जगाचं झालं, किंमत त्या बायांनी मोजली. हा दुसरा प्रश्न आम्हाला बाजूला सारता येत नाही.

म्हणून आमचं सांगणं एवढंच, की दार लावून घेऊ नका, पण विचारल्याशिवाय अंगठाही देऊ नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे २०१७ चे नियम आहेत: संशोधनाची माहिती आपल्याला कळेल अशा भाषेत मिळाली पाहिजे, नाही म्हणता आलं पाहिजे आणि मध्येच बाहेरही पडता आलं पाहिजे. तेव्हा विचारा, तुम्ही कुठून आलात? हे कशासाठी? माझं नाव कुणाला कळेल? मला काय आजार निघाला ते सांगाल का, आणि औषध कोण देणार? अभ्यास संपल्यावर गावात येऊन काय सापडलं ते सांगाल का?

आणखी एक. सरकारच्या २०१६ च्या सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या बायांची दर पाच वर्षांनी ॲसिटिक ॲसिडची तपासणी व्हायला हवी. आपल्या आरोग्य केंद्रात ती होते का, कुठल्या वारी होते, हे या आठवड्यात जाऊन विचारा. एकटीला अवघड वाटत असेल तर बचत गटातल्या चौघी मिळून जा. ज्या अभ्यासासाठी धाराशिव जिल्ह्यातल्या सव्वा लाखावर बायांनी नावं दिली, त्याचा उपयोग आपल्या गावापर्यंत आणायचा तो आपणच.