ॲस्टन आणि अणुभारांतील अपूर्णांक

क्लोरीनचा अणुभार ३५.४६ आहे, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांना जितकी परिचित होती तितकीच अडचणीचीही होती. विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने १८१५ साली निनावी प्रसिद्ध केलेल्या लेखात सर्व अणुभार हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असावेत असे सुचविले होते. त्यावरून सर्व मूलद्रव्ये एकाच आद्य द्रव्यापासून घडली असावीत, ही मोहक कल्पना निघत होती. बेल्जियमचे झां स्तास यांनी अत्यंत काटेकोर मापने करून ती मोडीत काढली. कितीही काळजीने तोलले तरी क्लोरीनचा अपूर्णांक नाहीसा होईना. अणुभार ही वस्तुतः निरनिराळ्या अणूंची सरासरी असू शकेल, असा तर्क विल्यम क्रुक्स यांनी १८८६ मध्ये बर्मिंगहॅम येथे मांडला. पण त्याला प्रयोगाचा आधार नव्हता, आणि रसायनशास्त्र तर्कावर चालत नाही. अणुभार हा मूलद्रव्याचा अढळ विशेष होय, ही श्रद्धा कायम राहिली. अणुभारांच्या सूक्ष्म मापनासाठी अमेरिकेतील थिओडोर रिचर्ड्स यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच श्रद्धेच्या छायेत.

तो अपूर्णांक ज्यांच्या हातून उलगडला ते फ्रान्सिस विल्यम ॲस्टन यांचा जन्म १८७७ साली बर्मिंगहॅमनजीकच्या हार्बर्न येथे झाला. त्यांची गणना पुष्कळदा भौतिकीविदांत होते. पण त्यांचे प्रारंभीचे शिक्षण रसायनशास्त्राचे, मेसन कॉलेजात टिल्डन आणि फ्रँकलंड यांच्या हाताखाली झालेले होते, आणि त्यांचे पहिले संशोधन टार्टारिक अम्लाच्या संयुगांवर होते. त्यानंतर सुमारे तीन वर्षे त्यांनी वुल्व्हरहॅम्प्टनमधील बीअरच्या एका कारखान्यात रसायनज्ञ म्हणून नोकरी केली. चरित्रकार हा काळ एका वाक्यात उरकतात. तथापि याच सुमारास घरच्या कार्यशाळेत ते स्वतः काच फुंकून निर्वात पंप घडवीत होते, हे विसरता कामा नये. पुढे जे घडले त्यात सिद्धांतापेक्षा या हातांचा वाटा मोठा आहे.

१९१० मध्ये ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांचे साहाय्यक झाले. थॉमसन त्या वेळी धनकिरणांचा, म्हणजे विसर्जन नलिकेत निर्माण होणाऱ्या धनभारित कणांच्या झोताचा, अभ्यास करीत होते. १९१२ च्या सुमारास नळीत निऑन वायू भरला असता छायाचित्रण काचेवर २० या भाराच्या रेषेशेजारी २२ भाराची एक अंधुक रेषा उमटली. निऑनचा अणुभार २०.२०. मग ही दुसरी रेषा कशाची? ते निऑन आणि हायड्रोजन यांचे एखादे अज्ञात संयुगही असू शकेल, असे थॉमसन यांना वाटत होते. ॲस्टन यांनी खऱ्या रसायनज्ञाप्रमाणे ते दोन पदार्थ वेगळे करून पाहण्याचे ठरविले. द्रवरूप हवेने थंड केलेल्या कोळशावर निऑन शोषवून तो पुनःपुन्हा विभागला; उपयोग झाला नाही. मग चिनीमातीच्या सच्छिद्र नळ्यांतून त्याचे विसरण केले, आणि अत्यल्प वायूची घनता मोजण्यासाठी क्वार्ट्झचा एक सूक्ष्म तराजू स्वतः बनविला. असंख्य आवर्तनांनंतर एका भागाचा अणुभार २०.१५ आणि दुसऱ्याचा २०.२८ निघाला. फरक क्षुल्लक, परंतु एकाच मूलद्रव्याचे दोन नमुने भाराने निराळे भरले होते.

त्याच वर्षी, १९१३ मध्ये, या वस्तूला नावही मिळाले, परंतु निराळ्या क्षेत्रात. किरणोत्सर्गी द्रव्यांचा अभ्यास करणारे फ्रेडरिक सॉडी यांना असे पदार्थ आढळले होते की ज्यांचे अणुभार भिन्न, तरी रासायनिक रीतीने ते विलग होत नाहीत. आवर्तसारणीत ते एकाच घरात बसतात. मार्गारेट टॉड या स्कॉटिश वैद्य व लेखिका यांनी त्यांस ‘आयसोटोप’ हा शब्द सुचविला: ‘आयसॉस’ म्हणजे समान आणि ‘टॉपॉस’ म्हणजे स्थान. मराठीतील ‘समस्थानिक’ हा त्याचाच अवयवशः अनुवाद होय. हा शब्द भाराविषयी काहीच सांगत नाही. तो केवळ स्थानाविषयी बोलतो. मूलद्रव्याची ओळख भारावरून करावयाची की स्थानावरून, हा प्रश्न त्यात गर्भित आहे.

महायुद्धाच्या काळात ॲस्टन फार्नबरो येथे विमानांच्या कापडावर द्यावयाच्या लेपांवर काम करीत होते. १९१९ मध्ये केंब्रिजला परतताच त्यांनी द्रव्यमान-वर्णपटलेखक उभारला. (शिकागोचे डेम्प्स्टर यांनी आदल्याच वर्षी निराळ्या रचनेचे उपकरण केले होते, पण समस्थानिकांचा व्यापक शोध ॲस्टन यांच्या यंत्राने घडला.) धनकिरणांचा झोत दोन अरुंद फटींतून जाई, विद्युत्क्षेत्र त्याला एका बाजूस वळवी आणि वेगाप्रमाणे पसरवी, पुढचे चुंबकीय क्षेत्र त्याला उलट बाजूस अशा बेताने वळवी की समान भाराचे कण, वेग भिन्न असूनही, काचेवर एकाच ठिकाणी येत. लोलक जसा प्रकाशाचे रंग वेगळे करतो तसे हे यंत्र भार वेगळे करी. कार्बन, ऑक्सिजन आणि त्यांच्या संयुगांच्या ज्ञात रेषा मोजपट्टीचे काम करीत.

निऑनच्या रेषा २० आणि २२ वर आल्या. क्लोरीनची परीक्षा त्याहून कठोर होती. काचेवर ३५, ३६, ३७ आणि ३८ अशा चार रेषा उमटल्या. ३६ आणि ३८ या क्लोरीनच्या हायड्रोजनयुक्त संयुगाच्या असल्याचे समजणे कठीण नव्हते. फॉस्जीन वापरले असता कार्बन-ऑक्सिजन-क्लोरीन या गटाची जोडी ६३ आणि ६५ वर मिळाली. ३५.४६ या स्थानी मात्र काहीही नव्हते. शंभर वर्षे मोजला गेलेला तो भार कोणत्याही अणूचा नव्हता.

अणूंचे भार पूर्णांकी असतात, हा नियम यातून निघाला आणि १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ॲस्टन यांना मिळाले. प्राउट यांचे जवळजवळ पुनर्वसन झाले. जवळजवळ एवढ्यासाठी की खुद्द हायड्रोजन पूर्णांकी नव्हता. त्याचा भार १.००८ भरे, चार हायड्रोजन मिळून हेलियम बनल्यास सुमारे १२० वा हिस्सा वस्तुमान कमी पडे. ही तूट ताऱ्यांच्या तेजाचे मूळ असावी, असे एडिंग्टन यांनी १९२० मध्येच म्हटले.

या यशापेक्षा ॲस्टन यांच्या एका चुकीची कथा अधिक विचार करण्याजोगी आहे. १९२५ मध्ये त्यांनी दहा हजारांत एक इतक्या सूक्ष्मतेचे दुसरे यंत्र बांधले. १९२७ मध्ये त्यावर हायड्रोजनचा भार १.००७७८ निघाला आणि तो रासायनिक मूल्याशी उत्तम जुळला. परंतु १९२९ मध्ये जिओक आणि जॉन्स्टन यांनी ऑक्सिजनचे १७ व १८ भारांचे समस्थानिक दाखविले. ज्या ऑक्सिजनला १६ मानून सारे मोजले जाई तोच मिश्रण निघाला! भौतिकीची आणि रसायनशास्त्राची मोजपट्टी त्यामुळे भिन्न ठरल्या, आणि हायड्रोजनची दोन मूल्ये जुळणे हेच आता संशयास्पद झाले. बर्ज आणि मेंझेल यांनी १९३१ मध्ये त्यावरून साडेचार हजारांत एक या प्रमाणात जड हायड्रोजन असावा असे अनुमान काढले. युरी यांनी ब्रिकवेड आणि मर्फी यांच्यासह शोध घेतला आणि जड हायड्रोजन खरोखर सापडला. १९३५ मध्ये ॲस्टन यांनी नवे मापन केले, तेव्हा आपले जुने मूल्य किंचित कमी होते असे त्यांना आढळले. शुद्ध मूल्य १.००८१ च्या जवळ होते. म्हणजे ज्या विसंगतीमुळे शोध लागला ती विसंगती मुळात नव्हतीच. युरी यांनी हे आपल्या नोबेल व्याख्यानाच्या छापील प्रतीस टीप जोडून नमूद केले, हे त्यांच्या सचोटीचे द्योतक होय.

जड हायड्रोजनने सॉडी यांनाही पेचात टाकले. तो साध्या हायड्रोजनपासून विलग करता येतो. मग त्यास समस्थानिक का म्हणावे, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांच्या व्याख्येत अविभाज्यता हाच गाभा होता. परंतु मोझली यांच्या कार्यानंतर आवर्तसारणीतील स्थान अणुकेंद्रावरील विद्युत्भाराने ठरू लागले होते. शब्द टिकला आणि त्याच्या जनकाची व्याख्या मागे पडली. कारण शब्दाच्या अवयवांत स्थानच होते, अविभाज्यता नव्हे.

ॲस्टन १९४५ मध्ये केंब्रिज येथे निवर्तले. निसर्गातील २८७ समस्थानिकांपैकी २१२ त्यांनी एकट्याने ओळखले होते. दोन मोजपट्ट्यांचा तंटा १९६१ मध्ये कार्बनच्या १२ भाराच्या समस्थानिकास आधार मानून मिटविण्यात आला. क्लोरीनचा अपूर्णांक मात्र आवर्तसारणीतून गेला नाही, कारण रसायनज्ञाच्या बाटलीत येतो तो मिश्र क्लोरीनच. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय कोष्टकात त्याचा अणुभार एका संख्येने न देता ३५.४४६ ते ३५.४५७ अशा मर्यादांनी दिलेला आहे, कारण नमुना कोठून घेतला यावर तो अवलंबून असतो.