पॅलिओ आहार : बेताच्या खर्चात बाजारहाट आणि पूर्वतयारी

शेतीचा शोध लागण्यापूर्वी माणूस जे खात होता, तेच आजही त्याच्या शरीराला अधिक मानवते, या कल्पनेवर ‘पॅलिओ’ आहारपद्धती उभी आहे. ‘पॅलिओलिथिक’ म्हणजे पुराश्मयुग. मांस, मासे, अंडी, भाज्या, कंदमुळे, फळे, सुकामेवा व तेलबिया एवढेच पदार्थ घ्यावेत. धान्ये, कडधान्ये, दूध व दुधाचे पदार्थ, साखर, गूळ आणि कारखान्यात प्रक्रिया झालेले खाद्यपदार्थ वर्ज्य करावेत, असा तिचा स्थूल नियम आहे. साहजिकच पोळी-भाकरी, वरण-भात, उसळ आणि दही-ताक यांवर चालणाऱ्या मराठी घरात या पद्धतीचा पहिला धक्का बसतो तो महिन्याच्या हिशेबाला. मात्र हा आहार मुळातच श्रीमंतांचा आहे असे नाही. परदेशी पुस्तकांतील यादी जशीच्या तशी उचलली, की तो महाग होतो. धान्याने रिकामी केलेली जागा कशाने भरायची याचा विचार केला नाही, तरीही तो महाग होतो.

उगम आणि पुरावा

या विषयावरील ‘द स्टोन एज डाएट’ हे पुस्तक वॉल्टर व्होग्टलिन या अमेरिकी पोटविकारतज्ज्ञाने १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. १९८५ मध्ये बॉइड ईटन व मेल्व्हिन कॉनर यांचा पुराश्मयुगीन पोषणावरील लेख ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला आणि विषयाला शास्त्रीय वर्तुळात स्थान मिळाले. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील लॉरेन कॉर्डेन यांच्या २००२ मधील ‘द पॅलिओ डाएट’ या पुस्तकाने ही पद्धत सर्वसामान्यांपर्यंत नेली.

मूळ गृहीतकाला पुरातत्त्वाने काही छेद दिले आहेत. इस्रायलमधील गॅलिली सरोवराकाठी ओहालो येथे सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी सातूचे दाणे आणि धान्य दळण्याचा दगड सापडला. म्हणजे शेतीपूर्वीचा माणूस धान्याला अगदीच पारखा नव्हता. वैद्यकीय पुरावाही मर्यादित आहे. स्वीडनमध्ये २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हृदयविकार असलेल्या २९ पुरुषांमध्ये १२ आठवड्यांनंतर रक्तशर्करेचे नियंत्रण सुधारलेले दिसले. तेथेच २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७० स्थूल स्त्रियांवरील अभ्यासात सहा महिन्यांनी या आहाराचा वजनावरील परिणाम सरस ठरला. पण दोन वर्षांच्या अखेरीस तो फरक टिकला नाही. साखर आणि तळलेले, पाकीटबंद पदार्थ बंद होतात हा या पद्धतीचा निर्विवाद लाभ होय. मात्र तो जपण्यासाठी घरखर्च विस्कटू देण्याचे कारण नाही.

खर्च वाढतो कोठे?

धान्य हा उष्मांकांचा सर्वांत स्वस्त साठा आहे. एक किलो ज्वारीतून सुमारे ३,३०० कॅलरी मिळतात. एक किलो रताळ्यांतून जेमतेम ९०० ते १,०००. म्हणजे एक किलो पिठाची जागा भरण्यास साडेतीन किलो रताळी लागतात. हे ध्यानात न घेता केवळ भाकरी बंद करणारा माणूस चार दिवसांत भुकेला होतो आणि ती भूक बदाम, काजू व महागड्या मांसावर भागवू लागतो. खर्चाचे खरे मूळ येथे आहे.

शिधापत्रिकेवर धान्य घेणाऱ्या घरांचा हिशेब आणखी वेगळा असतो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. अशा घरात धान्य सोडणे म्हणजे विनामूल्य मिळणारे अन्न सोडून तेवढेच विकत घेणे होय. तेथे संपूर्ण पॅलिओ आहाराचा आग्रह न धरता साखर, मैदा व तळण बंद करणे आणि ताटातील भाजी व अंडी वाढवणे हेच शहाणपणाचे.

उपवासाच्या यादीचे साहाय्य

धान्याशिवाय पोट कसे भरावे, हे मराठी स्वयंपाकघराला नवे नाही. उपवासाची यादी येथे उपयोगी पडते, पण ती गाळून घ्यावी लागते. रताळी, सुरण, अळकुड्या, कोनफळ, कच्ची केळी, शिंगाड्याचे पीठ आणि ओले खोबरे हे पदार्थ नियमात बसतात. शेंगदाणे मात्र शेंगवर्गीय असल्याने बाद होतात. वरी हे तृणधान्यच आहे. साबुदाणा हा प्रक्रिया केलेला निव्वळ स्टार्च असल्याने टाळला जातो, तर राजगिऱ्याचे दाणे धान्यासारखे वापरले जात असल्याने कडक नियम पाळणारे ते घेत नाहीत. राजगिऱ्याची पालेभाजी मात्र अवश्य घ्यावी. बटाटा, फरसबी आणि साजूक तूप यांबाबत या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांतच मतभेद आहेत. ज्याचे अंदाजपत्रक ताणलेले आहे, त्याने बटाटा घेण्यास हरकत नाही.

परदेशी यादीतील बदामाचे पीठ, ऑलिव्ह तेल, अ‍ॅव्होकॅडो व सामन मासा यांवाचून काहीही अडत नाही. त्यांची कामे अनुक्रमे खोबऱ्याचा कीस, घाणीचे खोबरेल वा तिळाचे तेल, ओला नारळ आणि बांगडा किंवा तारली चोख करतात.

प्रथिनांचा हिशेब

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढास शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीस सुमारे ५० ग्रॅम. तीन अंड्यांतून १८ ग्रॅम आणि साफ केलेल्या दीडशे ग्रॅम बांगड्यातून सुमारे २८ ग्रॅम मिळाले, की उरलेली गरज भाज्या व तीळ भागवतात. तिन्ही वेळा मांस खाण्याची आवश्यकता नाही.

बाजारात वस्तूचा भाव पाहण्यापेक्षा एक ग्रॅम प्रथिनाला किती पैसे पडतात ते पाहावे. उदाहरणादाखल, सात रुपयांच्या अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने धरली, तर ग्रॅमला सव्वा रुपयाहून थोडे कमी पडतात. हाडांसह कोंबडी २४० रुपये किलो असेल आणि तिच्यातील खाण्याजोगा भाग ६५ टक्के असेल, तर ग्रॅमला सुमारे एक रुपया ८५ पैसे होतात. बिनहाडाचे मांस ४०० रुपये किलोने घेतले, तरी हिशेब जवळपास तेवढाच येतो. हाडांचे सूप करणार असल्यासच हाडांसह कोंबडी खऱ्या अर्थाने स्वस्त ठरते. बांगडा २५० रुपये किलो असल्यास ग्रॅमला सव्वादोन रुपयांच्या आसपास, तर ९०० रुपये किलोची सुरमई सात रुपयांच्या घरात जाते. स्थानिक भाव घालून हा हिशेब एकदा मांडला, की काय घ्यावे आणि काय सणावारासाठी ठेवावे हे आपोआप ठरते. कलेजी व वजडी याही तुलनेने स्वस्त पडतात; मात्र कलेजीत ‘अ’ जीवनसत्त्व फार असल्याने गर्भवतींनी ती टाळावी आणि इतरांनीही आठवड्यातून एकदाच घ्यावी.

ऋतू पाहून खरेदी

जून व जुलैमध्ये पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते आणि ताज्या मासळीचे भाव चढतात. म्हणून कोकणात एप्रिल-मे महिन्यांतच सुकट, सोडे व सुके बोंबील भरून ठेवतात. ती पद्धत अनुकरणीय आहे. सुकी मासळी कडक ऊन देऊन हवाबंद डब्यात ठेवावी. खारवलेली मासळी रक्तदाब असणाऱ्यांनी टाळावी. आषाढाच्या अखेरीस कोंबडीला मागणी वाढते, तर श्रावणात ती घटून कोंबडी व अंड्यांचे भाव बहुधा उतरतात. थंडीत अंडी पुन्हा महागतात. ज्या घरात श्रावण पाळत नाहीत आणि गोठणकप्पा मोठा आहे, त्यांना हा काळ लाभाचा. अंडी डझनाने न घेता तीसच्या ट्रेने घेतल्यास स्वस्त पडतात.

भाज्यांत पावसाळ्यात दोडका, पडवळ, दुधी आणि टाकळा, कुर्डू, फोडशी यांसारख्या रानभाज्या. हिवाळ्यात कोबी, फुलकोबी, मुळा, गाजर, मेथी व पालक. उन्हाळ्यात लाल भोपळा आणि कोहळा असे चक्र ठेवावे. भोपळा व सुरण न कापता बरेच दिवस टिकत असल्याने भाव उतरल्यावर अधिक घेता येतात. फळांत केळी, पेरू व पपई यांना प्राधान्य द्यावे.

एका व्यक्तीची आठवड्याची यादी

दररोज सुमारे दोन हजार कॅलरी लागणाऱ्या प्रौढासाठी ढोबळ यादी अशी मांडता येईल : अंडी २१, कोंबडी हाडांसह १ किलो, बांगडा किंवा तत्सम मासे १ किलो, सुकट १०० ग्रॅम, रताळी ३ किलो, सुरण १ किलो, निरनिराळ्या भाज्या ४ ते ५ किलो, त्यांत पालेभाज्यांच्या ४ जुड्या, नारळ ३, तीळ १५० ग्रॅम, केळी १ डझन, एखादी पपई किंवा काही पेरू, तेल पाव लिटर. कांदा, लसूण, आले, कोकम, लिंबू व मसाले घरातलेच. मीठ आयोडीनयुक्त असावे. पुराश्मयुगाच्या नावाखाली ते सोडू नये.

तीळ या यादीत हौसेखातर नाहीत. प्रौढास दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते आणि दूध व नाचणी दोन्ही बंद झाल्यावर त्याची तूट पडू शकते. न सोललेले तीळ, काट्यांसह खाल्ली जाणारी लहान मासळी, सुकट आणि पालेभाज्या यांनी ती बरीचशी भरून निघते.

एका दिवसाची पूर्वतयारी

आठवड्याची सुट्टी असलेल्या दिवशी दोन-अडीच तास दिले, तर रोजचा स्वयंपाक अर्ध्या तासात उरकतो आणि बाहेरून मागवण्याचा मोह टळतो. सर्वाधिक वेळ वाचवणारी वस्तू म्हणजे भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण. त्यात धान्य वा डाळ नसल्याने ते पॅलिओच्या नियमात जसेच्या तसे बसते. ते एकदाच करून लहान वाट्यांत गोठवावे. एका वाटीत एका वेळचा रस्सा होतो.

कोंबडी आणल्याबरोबर तिचे वाटे करावेत. एक-दोन दिवसांत लागणारा वाटा आले-लसूण, हळद व लिंबू लावून शीतकपाटात आणि उरलेले गोठणकप्प्यात ठेवावेत. गोठवलेला वाटा आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवावा; ओट्यावर वितळू देऊ नये आणि एकदा वितळलेला कच्चा वाटा पुन्हा गोठवू नये. हाडांचे पाणी उकळून गाळून ठेवावे. उकडलेली अंडी कवचासह शीतकपाटात आठवडाभर टिकतात. रताळी व सुरण तीन दिवसांपुरते उकडावेत. पालेभाज्या निवडून, न धुता, कोरड्या कापडात गुंडाळाव्यात.

शिजवलेले मांस, मासे व रस्से तीन ते चार दिवसांत संपवावेत. ते दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नयेत. कडक उन्हाळ्यात एक तासाहून अधिक नको. मोठ्या पातेल्यात अन्न सावकाश निवते, म्हणून लहान उथळ डबे वापरावेत आणि खाण्यापूर्वी ते वाफ येईपर्यंत गरम करावे. जेथे वीज तासन् तास जाते, तेथे दोन दिवसांपुरतीच तयारी करून उरलेली भिस्त सुकी मासळी, अंडी व कंदांवर ठेवणे इष्ट.

सावधगिरी आणि घराचा वाटा

मधुमेहाच्या गोळ्या वा इन्शुलिन घेणाऱ्यांनी धान्य अचानक बंद केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना वाढीव प्रथिने आणि गर्भवती व स्तनदा मातांना आहारातील मोठे बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय योग्य नाहीत. वाढत्या वयाच्या मुलांचे दूध, डाळ व भाकरी बंद करण्याचे कारण नाही. जे अंडी-मासे खात नाहीत, त्यांना डाळी व दूध सोडून प्रथिनांची गरज भागवणे जवळजवळ अशक्य आहे. त्यांच्यासाठी ही पद्धत नव्हे.

याहून एक बाब महत्त्वाची. बहुतेक घरांत ही पद्धत एकच व्यक्ती स्वीकारते आणि पैसे मात्र सामायिक पिशवीतून जातात. एकाच्या मासळीसाठी मुलांचे दूध किंवा वृद्धांची फळे कमी होत असतील, तर तो आहार कितीही शास्त्रशुद्ध असला तरी घराला परवडणारा म्हणता येणार नाही. म्हणून पहिल्या महिन्यात रोजचा खर्च लिहून काढावा आणि भाजी, वाटण व अंडी सर्वांसाठी समान ठेवून केवळ भाकरीच्या जागी कंद असा बदल करावा. स्वयंपाक एकच राहतो, करणाऱ्यावरचा भार वाढत नाही आणि महिनाअखेरीस हिशेबही जुळतो.