लिमिटेड-स्लिप व लॉकिंग डिफरन्शियल (जुने पिकअप ट्रक)

लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल व लॉकिंग डिफरन्शियल या मोटारवाहनाच्या आसातील दोन यंत्रणा आहेत. एक चाक घसरू लागले तरी दुसऱ्या चाकाकडे शक्ती पोहोचावी, हा दोहोंचा हेतू. अमेरिकी पिकअप ट्रकांच्या मागील आसात त्या जादा किंमत देऊन बसवून मिळत.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. मात्र ते दोहोंना जवळजवळ समान टॉर्क देते. एक चाक चिखलात असल्यास त्याला गरगर फिरण्यास लागणारा अल्प टॉर्कच दुसऱ्याच्या वाट्याला येतो आणि गाडी जागीच राहते. रिकाम्या पिकअपच्या मागील चाकांवर भार कमी असल्याने ही अडचण तेथे विशेष जाणवते.

फोर्डचे ‘ट्रॅक्शन-लॉक’ हे लिमिटेड-स्लिपचे परिचित उदाहरण. त्यातील क्लच-चकत्यांचे घर्षण चाकांच्या गतीतील फरकाला विरोध करते, पण तो पूर्णतः थांबवत नाही. चकत्या कालांतराने झिजतात. तेलात घर्षण कमी करणारे विशिष्ट मिश्रण नसल्यास वळताना त्या कुरकुरतात.

जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये १९७३ पासून ईटन कंपनीचे, ‘जी८०’ या सांकेतिक क्रमांकाचे लॉकिंग डिफरन्शियल मिळू लागले. चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडताच त्यातील फिरती वजने बाहेर फाकतात, खिटी अडकते आणि दोन्ही चाके एकत्र जखडली जातात. ताशी सुमारे ३२ किलोमीटरच्या वर ही क्रिया होत नाही. चाके एकदम जखडल्याने पुर्जे फुटतात, अशी तक्रार असल्यामुळे चालकांनी त्याला ‘गव्ह-बॉम्ब’ असे टोपणनाव दिले. मोठे टायर आणि वाढीव शक्तीचे इंजिन बसवलेल्या गाड्यांबाबत ते अगदीच अन्यायकारक नाही.

दोन्ही मागील चाके उचलून, इंजिन बंद व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून एक चाक हाताने फिरवण्याची ओळखचाचणी रूढ आहे. दुसरे चाक त्याच दिशेने फिरल्यास लिमिटेड-स्लिप, उलट फिरल्यास साधे डिफरन्शियल, असा निष्कर्ष काढतात. ‘जी८०’बाबत हा निष्कर्ष फसतो, कारण हाताच्या संथ गतीला ते साध्या डिफरन्शियलसारखेच वागते. अशी गाडी साधी समजून तिचे एकच मागील चाक जॅकवर उचलले व इंजिनाच्या जोरावर फिरवले, तर यंत्रणा अचानक जखडते. मग जमिनीवरचे चाक गाडीला जॅकवरून खाली ढकलू शकते. अनेक गाड्यांत हा सांकेतिक क्रमांक डॅशबोर्डच्या कप्प्यातील चिकटपट्टीवर छापलेला असतो.