या वयात काय सुधारणार?

सत्तरीतल्या माणसाला अर्धांगवायूचा झटका आला की घरात, शेजारीपाजारी, कधी कधी वॉर्डातही एकच वाक्य कानावर येतं: ‘आता या वयात काय सुधारणार?’ हा पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. वयाबरोबर मेंदूचं आकारमान घटतं, विचारांचा वेग मंदावतो, एका वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देणं जड जातं. शिवाय प्रौढ मेंदूतले तुटलेले मज्जातंतू पुन्हा उगवत नाहीत, हे स्पॅनिश शास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांचं मत विसाव्या शतकात बराच काळ प्रमाण मानलं गेलं.

पण तंतू उगवला नाही तरी शाबूत भाग नव्याने काम शिकू शकतात, आणि ती क्षमता साठीनंतर संपत नाही. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातले प्राध्यापक पेद्रो बाख-इ-रीता यांना १९५९ साली, वयाच्या ६५व्या वर्षी झटका आला. मुलगा जॉर्ज याने त्यांना आधी रांगायला लावलं, लुळा खांदा भिंतीला टेकवून. मग भांडी घासायला दिली, हात गोल गोल फिरवत. ते पुन्हा शिकवू लागले. पुढे त्यांचं निधन झालं ते कोलंबियातल्या डोंगरात, हृदयविकाराने. शवविच्छेदनात मेंदूची मोठी इजा तशीच दिसली.

एका उदाहरणाने सिद्धांत होत नाही, हा आक्षेप रास्तच. म्हणून २००६ साली प्रसिद्ध झालेली अमेरिकेतली २२२ रुग्णांची चाचणी पाहावी. झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांनी, दोन आठवडे चांगला हात मोज्यात अडकवून दुबळ्या हाताकडून काम करून घेतलं. तो हात सुधारला आणि वर्षानंतरही सुधारणा टिकली. या रुग्णांचं सरासरी वय साठीपुढचं होतं.

मग अपयश येतं कुठे? व्यायाम कसा शिकवला जातो ते बघा. ‘आजी, पाय उचला, गुडघा वाकवा, कंबर सरळ, समोर बघा’ असं सगळं एका दमात. तेवढ्यात सून जेवणाचं विचारते आणि आजी जागीच थबकतात. बोलता बोलता चालणं थांबवणाऱ्या वृद्धांना पडण्याचा धोका अधिक असतो, हे १९९७ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये आलं आहे. अशा मेंदूला एका वेळी एकच सूचना, शांत खोली आणि भरपूर आवर्तनं हवीत. सरावाने अंगवळणी पडणारी कौशल्यं म्हातारपणीही बरीच शाबूत असतात. सूचना कानावर नीट पडावी म्हणून श्रवणयंत्र आणि डोळ्यांवर चष्माही हवा. घरचे मात्र मायेने घास भरवतात, आणि दुबळ्या हाताला दिवसभर कामच उरत नाही.

स्मृतिभ्रंश आणि नैराश्य यांनी सुधारणा अडते, हे खरं. पण ती वार्धक्याची अंगं नव्हेत, वेगळी दुखणी आहेत. झटक्यानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येतं. तेही ‘वय झालं’ या खात्यात जमा केलं, की त्यावरचे उपचार सुरूच होत नाहीत.